उलटा ओटा

"साड्या विकणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरातलं काय कळतं हो हावळ?" हेरवाडे साहेबांनी माझा अर्ज टेबलावर टाकत विचारलं.

"साहेब, दोन्हीकडं गिऱ्हाईक तेच असतंय," मी म्हणालो.

हे वाक्य मी घरून पाठ करून आलो होतो. आरशासमोर म्हणताना ते फार हुशारीचं वाटलं होतं. साहेबांच्या केबिनमध्ये ते जेमतेम तगलं. तरी त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला, म्हणजे मी अजून शर्यतीत होतो. शेजारच्या खुर्चीतल्या तन्मय देशिंगेला मात्र कॉफी मिळाली होती. तो पुण्याहून एमबीए करून आलेला, मांडीवर लॅपटॉप, आणि कपाळावर घामाचा एक थेंब नाही.

कोल्हापुरातली हेरवाडे साहेबांची कंपनी जुनी घरं नवी करून द्यायची. गळकं छत, फुटक्या फरशा, कळकट न्हाणीघर, काय म्हणाल ते. पण खरा धंदा स्वयंपाकघराचा. जुना कडाप्प्याचा ओटा फोडायचा आणि तिथं चकचकीत कपाटांचं मॉड्युलर किचन बसवायचं. आता साहेबांना सांगली, मिरज, इचलकरंजी, गडहिंग्लज असं विक्रीचं जाळं पसरायचं होतं. पंचवीस पोरं भरून झाली होती. त्यातल्या सांगली विभागावर एक प्रमुख हवा होता, आणि त्या एका खुर्चीसाठी चाळण लागून लागून आम्ही दोघं उरलो होतो.

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. त्यातली चौदा वर्षं इचलकरंजीत एका साडीच्या दुकानात गादीवर मांडी घालून गेलेली. मालकाच्या पोरांनी दुकान मोडून मोबाईलचं शोरूम काढायचं ठरवलं आणि पाडव्याचा मुहूर्तही धरला. मोबाईल कुणी अंगावर टाकून बघत नाही, त्यामुळे माझा तिथं काही उपयोग नव्हता.

घरी त्याहून मोठा घोळ होता. पहिल्या फेरीत निवड झाल्याचं मी बायकोला, शैलाला, सांगितलं. तिनं पहिल्या फेरीत तरी कशाला थांबायचं म्हणून थेट नोकरी लागल्याचे पेढे वाटून टाकले. कमी पडले म्हणून पुन्हा आणले. सासऱ्यांनी मला नवी बॅग घेऊन दिली. समोरच्या वरुटेकाकूंनी मला घरात बोलावून आपला ओटा दाखवून ठेवला. आता नोकरी लागली नाही, तर पेढे खाल्लेल्या बावीस घरांवरून मला रोज जावं लागणार होतं. दुसरीकडून जायची सोय नव्हती, आमचं घर बोळाच्या पार शेवटी आहे.

"बोलणं पुरे झालं," साहेब म्हणाले. "आता प्रॅक्टिकल. उद्या दुपारी जयसिंगपूरला यायचं. तिथं आमची आक्का राहते. नव्या किचनच्या फॉर्मवर जो आक्काची सही घेईल, सांगली त्याची."

"आक्का म्हणजे कोण, सर?" तन्मयनं विचारलं.

"माझी आई."

तन्मय हसला. "मग तर होम ग्राउंड झालं, सर."

"त्याच ग्राउंडवर मी नऊ वर्षं हरतोय," साहेब म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा खरंच पडला. "गिऱ्हाइकं विचारतात, तुमच्या घरी कुठलं किचन बसवलंय? काय सांगू? मूळ घरात अजून कडाप्पा हाय. आणि तोसुद्धा उलटा."

"उलटा म्हणजे?" मी विचारलं.

"चाळीस वर्षांपूर्वी यमनाप्पा म्हणून गवंडी होता. त्यानं नकाशा उलटा धरला. मोरी डावीकडं पाहिजे, ती उजवीकडं काढली. शेगडीची जागा उजवीकडं पाहिजे, ती डावीकडं. सगळा पै-पाहुणा हसतोय अजून. ती चूक आधी सुलटी करा, मग बाकीचं."

मी वहीत लिहून घेतलं : चूक सुलटी करणे. खाली दोन रेघा ओढल्या.

*

जयसिंगपुरात आठव्या गल्लीत त्यांचं घर. आक्का दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, अंगावर इरकल, डोक्यावर पदर. त्यांनी आम्हां तिघांना बाहेरच्या खोलीत बसवून लाडू दिले आणि घड्याळाकडं बोट केलं.

"साडेचारला मी सैपाकाला लागतो. तेवढ्यात काय विकायचं ते विका."

आमच्या भागात बायकाही 'मी करतो, मी येतो' असंच म्हणतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. साडेचारची अट मात्र आक्कांची स्वतःची होती. घराणं जैन, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. आणि स्वयंपाक सुरू झाला की आक्का दार लावून घ्यायच्या. शुद्धीचं काम, आत कुणी यायचं नाही. पोटच्या मुलानंही नाही. पन्नास वर्षांचा नेम होता तो.

तन्मय आधी आक्कांबरोबर स्वयंपाकघरात गेला. दार उघडंच होतं, बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"आजी, हे बघा तुमचं नवं किचन. असं गोल फिरवून बघता येतं."

"सैपाकघर कशाला फिरवायचं?"

"फिरवायचं नाही, बघायचं."

"मोरी हिकडं का आली?"

"ती आपण करेक्ट केली आजी. गवंड्याची मिस्टेक होती ना."

"गवंडी मेला बिचारा. त्याच्या माघारी चुका कशाला काढतोस?" मग आक्कांनी विचारलं, "बरं, ह्यात दूध उतू गेलं तर जातंय कुठं?"

ते लॅपटॉपमध्ये नव्हतं. पुढच्या दहा मिनिटांत तन्मयनं सवलत सांगितली, हमी सांगितली, अलगद बंद होणारे कप्पे सांगितले. आक्कांनी त्याला आणखी एक लाडू दिला. तो बाहेर आला तेव्हा एका हातात लाडू होता आणि दुसऱ्या हातात कोरा फॉर्म.

"टफ कस्टमर," तो माझ्याजवळ येऊन पुटपुटला.

मी आत गेलो तेव्हा पावणेचार वाजले होते.

आक्का पाटावर बसल्या होत्या. मीही खाली बसलो आणि बॅगेतून कपाटांच्या रंगांचे नमुने काढले. ते हातात धरून, एकेक दाखवून माहिती द्यायची, असं आम्हाला शिकवलं होतं. पण चौदा वर्षांची सवय एका दिवसात जाते होय? मी ते सगळे फरशीवर एकावर एक टाकायला सुरुवात केली.

"हा बघा आमसुली. हा मोरपंखी. हा चिंतामणी, हा नेहमीचा जाणारा माल. घेऊ नका, नुसतं बघा. बघायला काय लागतंय? हा बघा, ह्यात अंग खुलून दिसतं…"

आक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "तू साड्या विकत हुतास काय रं?"

माझे हात थांबले. "चौदा वर्षं, आक्का."

"मग तसं सांग की आधी!"

त्या उठल्या आणि आतल्या खोलीतून एक खोकं घेऊन आल्या. आत डाळिंबी रंगाची रेशमी साडी होती, घडी न मोडलेली.

"भाचीच्या पोरीचं लगीन हाय. सुनेनं कोल्हापुरातनं पाठवलीया. पण पदर कसा पडतोय ते दुसऱ्याच्या अंगावर बघितल्याबिगर मला कळत न्हाई, आणि शेजारीण गेलीय गावाला. दाखवतोस?"

मी घड्याळाकडं पाहिलं. मला फॉर्मवर सही हवी होती. पण साडीवाल्याला कुणी 'नेसून दाखव' म्हटलं की त्याचे हात त्याचे राहत नाहीत. दुकानात आम्ही पुरुषच साड्या नेसून दाखवायचो, पॅन्टवर, शर्टवर, मिशीसकट. लाजलात तर साडी जात नाही. मी उठलो, साडी मोकळी केली, एक फेरा घेतला, निऱ्या घातल्या, खोचल्या आणि पदर खांद्यावर टाकला.

आक्का चार पावलं मागं सरून बघत होत्या. "पदर झकास हाय. पण निऱ्या उलट्या घातल्यास."

"कशा काय?"

"त्यांची तोंडं तिकडं केलास. थांब."

त्या पुढं आल्या, निऱ्या उपसल्या आणि बघता बघता पुन्हा घालून माझ्या हातात दिल्या. मी खोचल्या आणि खाली पाहिलं. निऱ्यांची तोंडं, म्हणजे घड्यांच्या मोकळ्या कडा, माझ्या उजवीकडं होती.

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. चौदा वर्षांत हजारो बायका माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. सगळ्यांच्या निऱ्यांची तोंडं डावीकडं असतात. उजवीकडं असलेल्या मी दोनच पाहिल्या होत्या, एक कुरुंदवाडच्या शाळेतल्या बाई आणि एक नर्स. त्या दोघींनी बिलावर सही कुठल्या हातानं केली, तेही माझ्या लक्षात होतं.

मी आक्कांच्या हाताकडं पाहिलं. निऱ्या घालणारा हात डावा होता. मी पाहिलं हे आक्कांनीही पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

मग मी ओट्याकडं पाहिलं. शेगडी डावीकडं. मिसळणाचा डबा डावीकडं. पळ्या-उलथनी डावीकडच्या खिळ्यांना. मी साडी सावरत ओट्यापुढं उभा राहिलो आणि डावा हात पुढं केला. सगळं अगदी हाताशी आलं.

"आक्का," मी हळूच म्हणालो, "यमनाप्पानं नकाशा उलटा धरला नव्हता."

आक्कांनी दार लोटून घेतलं.

"मला बघायला आले तवा माझ्या वडलांनी, आप्पांनी, बजावलं, पाणी उजव्या हातानं दे. दिलं. लगीन झालं. सासू म्हणायची, डावरी बाई घरात आली की घर बसतंय. कुणा दुसऱ्याच्या सुनेबद्दल म्हणत हुती, पण मी समजून गेलो. मग जलमभर उजव्या हातानं वाढलं, आणि सैपाक दार लावून केला. हा ओटा बांधायचा निघाला तवा यमनाप्पाला चार दिस पुरणपोळी घातली. म्हटलं, बाबा, उलटा बांध आणि चुकलं म्हण."

"आणि तुमचे मालक काही बोलले नाहीत?"

"त्यांनी ओटा बघितला. मग माझ्याकडं बघितलं. यमनाप्पाला दोन शिव्या हासडल्या आणि म्हणाले, आता ऱ्हाऊ दे तसाच." आक्कांनी ओट्यावरून हात फिरवला. "त्यांना कळलं हुतं का न्हाई, ते मी कधी इचारलं न्हाई."

"साहेबांना ठाऊक आहे?"

"त्यो कधी आत आलाय? आणि तू सांगायचं न्हाईस. इतकी वर्सं झाकलं, आता म्हातारपणी हसं नको. घे शपथ."

"कशाची घेऊ?"

"अंगावर हाय तिची घे."

मी रेशमी पदरावर हात ठेवून शपथ घेतली. तेवढ्यात दार उघडून साहेब आत आले. मागं तन्मय.

साहेबांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत आणि मग खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हावळ."

"साहेब."

"हे काय?"

"पदर, साहेब."

"मीच सांगितलं त्याला," आक्का म्हणाल्या. "चांगली दिसतीया की."

"कोण?" साहेबांचा आवाज चिरकला.

"साडी!"

तन्मयचा हात खिशातल्या मोबाईलकडं गेला होता. आक्कांनी डोळे वटारल्यावर तो परत आला.

चार वाजून गेले होते. साडी सोडत बसायला वेळ नव्हता. मी तशीच मांडी घातली आणि फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. शेगडी डावीकडं, मोरी उजवीकडं, मिसळणाचा डबा डाव्या हाताशी, ओट्याची उंची दोन इंच कमी, खाली कप्पे. आणि शेगडीभोवती बारीकशी खाच, दूध उतू गेलं तर तिथंच अडावं म्हणून. आक्कांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्याला माझी ना न्हाई," त्या म्हणाल्या.

नऊ वर्षांत पहिल्यांदा ही अक्षरं त्या तोंडून निघाली होती. साहेब धावत पुढं आले, कागद बघितला, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"अहो, हे परत उलटंच की! चूक तशीच ठेवली तुम्ही."

"असंच बरं आहे, साहेब."

"का?"

मी खांद्यावरचा पदर सारखा केला.

"हावळ, माझ्याच घरात उलटं किचन बसवलं तर उद्या दुसऱ्यांना काय तोंड दाखवू? कारण सांगा. विक्रीप्रमुखाला निदान कारण तरी सांगता आलं पाहिजे."

"सर, हा बेसिक डिझाइन एरर आहे," तन्मय म्हणाला.

मी आक्कांकडं पाहिलं. त्या ओट्याकडं बघत होत्या. माझ्याकडं एकच वाक्य होतं, आणि त्या वाक्याला सांगली मिळत होती. डोळ्यांसमोर आमचा बोळ आला, बावीस दारं आली, वरुटेकाकूंचा ओटा आला.

"सांगता येत नाही, साहेब," मी म्हणालो.

"मग तुम्ही साड्याच विका," साहेब म्हणाले. "निघा आता."

मी उठलो. मला रडू येत होतं, आता सांगायला लाज कसली. साडी अंगावर होती, त्यामुळे रडलो असतो तरी शोभून दिसलं असतं. बॅग उचलली, नमुने तसेच फरशीवर राहिले, आणि दाराकडं वळलो.

"पेन दे," मागून आक्का म्हणाल्या.

मी पेन दिलं. त्यांनी ते उजव्या हातात घेतलं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग डाव्या हातात घेतलं, पाटावर बसल्या, फॉर्म मांडीवर ठेवला आणि एकेक अक्षर काढत लिहिलं : पद्मावती आदगोंडा हेरवाडे. वळणदार, ठसठशीत. शाळेत मास्तरांनी छडी मारेपर्यंत त्या पाटीवर लिहायच्या, तेच अक्षर.

साहेब बघत होते. "आक्का, तू डावरी हाईस?"

"जलमापासनं."

"पण मग मला… मला कसं कधी कळलं न्हाई?"

"पन्नास वर्सं माझ्या हातचं खातोयस," आक्का म्हणाल्या. "कुठल्या हातचं, ते बघितलंस कधी?"

साहेब मटकन स्टुलावर बसले. त्यांनी ओट्याकडं पाहिलं, शेगडीकडं, मोरीकडं, खिळ्यांना लटकलेल्या पळ्यांकडं. पण धंद्याचा माणूस तो धंद्याचाच. थोड्या वेळानं त्यांनी फॉर्म उचलून डोळ्यांजवळ धरला.

"आक्का, ही सही बँकेतल्या सहीशी जुळत न्हाई."

"ती तुम्हा समद्यांसाठी हुती. ही माझी हाय." मग घड्याळाकडं बघून म्हणाल्या, "चला, व्हा बाहेर. साडेचार झाले."

आम्ही तिघं निमूटपणे निघालो.

"तू थांब!" आक्का ओरडल्या. "माझी साडी नेसून कुठं निघालास?"

*

त्या रात्री शैलाला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पेढे तर आधीच वाटून झालेत. आता काय वाटायचं?" सांगली विभाग मी पुढं अकरा वर्षं सांभाळला. तन्मयला साहेबांनी गडहिंग्लज दिलं, आणि तो चांगलाच निघाला. आजही आमच्या फॉर्मवर नाव-पत्त्याच्या खाली एक रकाना आहे : स्वयंपाक करणारी व्यक्ती डावरी की उजवी. नवी पोरं तो बघून हसतात, त्यांना मी हसू देतो.

आक्कांचं किचन बसवायला आमची माणसं गेली, तेव्हा मी साहेबांच्या केबिनमध्येच होतो. जयसिंगपूरहून फोन आला की ड्रॉइंग उलटं छापलंय, आम्ही सुलटं करून बसवतो. साहेब खुर्चीतून उठले आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात फोनमध्ये ओरडले, "हाय तसंच बसवा! माझी आई डावरी हाय!"

काम झाल्यावर आम्ही दोघं बघायला गेलो. सगळं चकचकीत झालं होतं. आक्का कप्पे उघडून मिटून दाखवत होत्या. साडेचारचा ठोका पडला तसा मी सवयीनं उठलो.

"बस की," आक्का म्हणाल्या. "आता काय झाकायचं ऱ्हायलंय?"

दार उघडंच राहिलं. साहेब स्टूल ओढून ओट्याजवळ बसले आणि आई भाकरी कशी थापते ते टक लावून बघत राहिले. पन्नास वर्षांची बाकी होती त्यांची. ताट समोर आलं, पहिला घास घेतला आणि त्यांनी विचारलं, "आक्का, ही भाकरी डाव्या हातची, व्हय?"

"भाकरी डाव्या, आमटी डाव्या," आक्का तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "गार व्हायला लागलंय, मुकाट्यानं जेव. न्हाईतर पाठीत रट्टा बसंल, त्योबी डाव्याच हातचा."